समुद्र डाव्या हाताला ठेवा!

मॉरिशस म्हणजे फक्त हनीमून पॅकेज? रिसॉर्टच्या गेटबाहेर पडा, सायकलवर टांग मारा आणि मग बोला...

मॉरिशस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? मॅचिंग टी-शर्ट घातलेलं नवं जोडपं, मागे निळंशार पाणी आणि हातात शहाळं. प्रत्येक ऑफिसात असा एक तरी फोटो कुणाच्या ना कुणाच्या डेस्कवर असतोच. सहा रात्री, सात दिवस, ब्रेकफास्ट आणि डिनर इन्क्लुडेड. एअरपोर्टवरून एसी व्हॅन उचलते, रिसॉर्टमध्ये सोडते, शेवटच्या दिवशी तीच व्हॅन परत आणते. मधल्या काळात बेट नेमकं कुठे होतं, असं विचारलं तर गडी गप्प!

मी गेले ती सायकल चालवायला. एकटीच. 'एकटी? आणि मॉरिशसला?' हा प्रश्न घरी, सोसायटीत आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या तीन ग्रुप्सवर विचारून झाला. मी कुणालाच धड उत्तर दिलं नाही. आता देते.

हे बेट सायकलच्याच मापाचं आहे, बॉस! लांबी साधारण ६५ किलोमीटर, रुंदी ४५. म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलात तरी मुंबई-लोणावळा होत नाही. शिवाय गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. यातून एक भारी गोष्ट निघते. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरलात, तर समुद्र कायम डाव्या हाताला राहतो. तुम्ही डाव्या लेनमध्ये, त्याच्याही डावीकडे पाणी. मध्ये ना ट्रक, ना बस, ना दुभाजक. नकाशावर एवढं एक बघून ठेवलं की निम्मं प्लॅनिंग झालं!

वारा अंगावर घेत

पहिला रूट पूर्व किनाऱ्यावरचा. त्रू द'ओ दूस या मच्छिमार गावातून निघायचं आणि दक्षिणेला माएबूरला पोचायचं, साधारण ३५ किलोमीटर. रस्ता सपाट, पण 'सोपा' म्हणू नका. मे ते सप्टेंबर हा तिथला हिवाळा, आणि या दिवसांत आग्नेयेकडून व्यापारी वारे जोरात वाहतात. तुम्ही दक्षिणेला निघालात की ते थेट डाव्या गालावर. उलट्या दिशेने गेलात तर वारा बराचसा मदतीला येतो, पण मग समुद्र रस्त्यापलीकडे जातो. मी समुद्र निवडला. मांड्यांनी दोन दिवस तक्रार केली, ती ऐकून घेतली.

या रस्त्यावरची गावांची नावं म्हणजे धमाल. 'द फ्रेर' म्हणजे दोन भाऊ, आणि त्याला लागूनच 'कात्र सर', चार बहिणी! पुढे 'प्वांत द्यु दियाब्ल', सैतानाचं टोक. तिथे फ्रेंचांच्या जुन्या तोफा अजून समुद्राकडे तोंड करून बसल्यात. उजवीकडे डोंगर, डावीकडे उथळ खाडीसारखं पाणी आणि त्यात नांगरलेल्या रंगीत होड्या. मोठं हॉटेल बराच वेळ दिसत नाही. दिसतात पत्र्याची आणि सिमेंटची छोटी घरं, वाळत टाकलेली जाळी आणि दारासमोर लाल झेंडे लावलेली हनुमानाची छोटी देवळी.

व्हिए ग्रां पोरला इतिहासाचा पिरियड आहे, पण छोटा. १५९८ साली डच पहिल्यांदा उतरले ते याच भागात. बेटाला नाव दिलं नासाऊच्या राजपुत्र मॉरिसचं. पुढच्या शंभरेक वर्षांत डोडो पक्षी संपला. १८१० च्या ऑगस्टमध्ये याच पाण्यात फ्रेंच आरमाराने इंग्रजांना हरवलं. पॅरिसच्या आर्क द त्रिओंफवर या लढाईचं नाव कोरलंय. पण त्याच वर्षाच्या शेवटी इंग्रजांनी अख्खं बेटच घेतलं.

माएबूरच्या वॉटरफ्रंटला सायकल टेकवून मी दाल पुरी खाल्ली. मऊ डाळपुऱ्यांची जोडी, आत घेवड्याची रस्सा भाजी आणि मिरचीची चटणी. गिऱ्हाईक 'एक जोडी' असंच मागतं. समोर पाणी इतकं स्वच्छ की इथे काही वाईट घडलं असेल, असं वाटत नाही.

पण घडलंय. २५ जुलै २०२० ला वाकाशिओ हे मालवाहू जहाज इथून जवळच प्रवाळाच्या रांगेवर चढलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यातून तेल गळायला लागलं. सुमारे हजार टन तेल या खाजणात पसरलं. तेव्हा लोकांनी सरकारी आदेशाची वाट बघितली नाही. उसाचं पाचट कापडी पिशव्यांत भरलं, पिशव्या शिवल्या, रिकाम्या बाटल्या बांधून तरंगत्या केल्या आणि तेल अडवायला पाण्यात सोडल्या. लोकांनी कापलेले केसही दिले, कारण केस तेल धरून ठेवतात. या वॉटरफ्रंटवर शेकडो माणसं दिवसरात्र हे करत होती. दाल पुरीवाला म्हणाला, "मीसुद्धा होतो. हात आठवडाभर काळे होते." मग त्याने पुढच्या गिऱ्हाइकाची जोडी गुंडाळायला घेतली.

सगळ्यात सुंदर तीस किलोमीटर

माएबूरहून पुढे किनाऱ्याने सलग रस्ता नाही. आतून, उसाच्या शेतांमधून जावं लागतं. दक्षिणेला सुयाक गावात समुद्र परत भेटतो, आणि तोही वेगळाच!

जवळजवळ सगळ्या मॉरिशसभोवती प्रवाळाचं कडं आहे. लाटा त्यावर आपटून फुटतात आणि आतलं पाणी तळ्यासारखं शांत राहतं. ब्रोशरमधला निळा रंग तो हाच. पण सुयाकच्या ग्री-ग्री टोकाला हे कडं तुटलंय. तिथे अख्खा हिंदी महासागर काळ्या कातळावर धडका देत असतो. पाण्यात उतरायची सोय नाही. नुसतं उभं राहायचं आणि बघायचं.

इथून पश्चिमेला ल मॉर्नपर्यंत तीस-पस्तीस किलोमीटर. माझ्या मते बेटावरचा हा सगळ्यात सुंदर रूट, कारण आता वारा पाठीशी येतो. पूर्व किनाऱ्यावरचं उसनं इथे व्याजासकट परत! रियांबेल, पोंपोनेत, बेलोम्ब्र, मग बे द्यु कापची वळणदार खाडी. ऑस्ट्रेलियाचा किनारा नकाशावर आणणारा मॅथ्यू फ्लिंडर्स १८०३ मध्ये गळकं जहाज घेऊन याच खाडीत आला. फ्रेंच गव्हर्नरने त्याला हेर समजून अडकवलं, ते १८१० पर्यंत. आपली फ्लाइट चार तास लेट झाली की आपण केवढा आरडाओरडा करतो!

खाडीपुढे माकोंदे. डोंगराचा सुळका थेट पाण्यात घुसलाय आणि रस्ता त्याला वळसा घालून जातो. वर जायला पायऱ्या आहेत. खाली वळणावर सायकल चालवताना लाटांचे तुषार चष्म्यावर येतात. मी हे वळण तीनदा मारलं. कारण विचारू नका.

८१ मीटर २१ सेंटिमीटर

पण या रूटवर एक गोष्ट खटकायला लागते. समुद्र मध्येच गायब होतो. दहा मिनिटं पाणी दिसतं, मग भिंत. भिंतीमागे नारळाची झाडं, गेटवर सिक्युरिटी. मग परत पाणी, परत भिंत. गाडीत असताना हे कळत नाही, सायकलवर मात्र प्रत्येक भिंतीची लांबी पायांना कळते.

मॉरिशसमध्ये एक जुनी तरतूद आहे, 'पा जेओमेत्रिक'. भरतीच्या रेषेपासून आत किमान ८१ मीटर २१ सेंटिमीटरचा पट्टा सरकारचा. मूळ फ्रेंच माप अडीचशे फूट, १८९५ च्या कायद्यातही ते राहिलं. हा पट्टा विकता येत नाही, पण भाडेपट्ट्याने देता येतो. हॉटेलं आणि बंगले उभे राहतात ते याच पट्ट्यावर. भरतीच्या रेषेखालची वाळू कायद्याने सगळ्यांची. पण त्या वाळूपर्यंत पोचायचं कुठून, हा खरा प्रश्न.

पोंपोनेतला हा प्रश्न रस्त्यावर आला. २०१६ मध्ये इथला सार्वजनिक किनारा हॉटेलसाठी यादीतून काढला गेला. लोकांनी 'आमचे किनारे चोरणं थांबवा' म्हणत आंदोलन उभारलं, कुंपणाविरुद्ध निदर्शनं केली. ते हॉटेल काही उभं राहिलं नाही.

मी तिथे पोचले तो रविवार होता. सुरूच्या झाडांखाली अख्खी खानदानं उतरली होती. हो, सुरूच! आपल्या कोकणात किनाऱ्यावर असतात तीच. तिथे त्यांना 'फिलाओ' म्हणतात. मोठ्या पातेल्यात बिर्याणी, चटईवर झोपलेली आजी, क्रिकेटऐवजी फुटबॉल आणि एका कोपऱ्यात 'रावान' नावाच्या डफासारख्या वाद्यावर सेगा. आठवडाभर हॉटेलांत आणि कारखान्यांत राबणाऱ्या माणसांचा हा वीकेण्ड. कुणाला बुकिंग करावं लागत नाही. मला प्लेट हातात देऊनच बसवलं.

"आपण कोठून आलात?"

पुढे एका छोट्या दुकानात पाणी घ्यायला थांबले. तिथल्या काकींनी माझ्याकडे बघून आधी क्रिओलमध्ये विचारलं, "की मान्येर?" म्हणजे कसं काय. मी मुंबईची म्हटल्यावर थांबल्या, आणि सावकाश, एकेक शब्द लावत म्हणाल्या, "आपण कोठून आलात? आमचे पूर्वजही मराठी."

ऊसमळ्यांसाठी १८३४ पासून हिंदुस्थानातून सुमारे साडेचार लाख मजूर इथे करारावर आणले गेले. त्यात मुंबई बंदरातून निघालेले मराठी लोकही होते. आज इथे मराठी मंडळ्यांचा महासंघ आहे, शाळेत मराठी शिकता येतं आणि गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते. काकींचं मराठी शाळेतलं, पुस्तकातलं. माझं 'अ‍ॅक्च्युअली', 'बेसिकली'वालं. पाच मिनिटांनी त्या हसून म्हणाल्या, "आपल्या मराठीत इंग्रजी फार आहे." काय बोलणार!

निघताना त्यांनी अननसाच्या फोडी मिरची-मीठ लावून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत.

ल मॉर्नच्या पायथ्याशी

रूटच्या शेवटी ल मॉर्न. ५५६ मीटरचा ताशीव कातळ, जणू समुद्रात उभा केलेला दुर्ग. मळ्यांवरून पळालेले गुलाम या कातळावर लपून राहत. लोक सांगतात ती कथा अशी: १८३५ मध्ये गुलामी संपल्याची बातमी द्यायला शिपाई वर चढले, पकडायलाच आले असं समजून वरच्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. आज १ फेब्रुवारीला देशात सुट्टी असते. २००८ पासून हा डोंगर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्याच्या पायथ्याला स्मारक आहे, सार्वजनिक किनारा आहे आणि बेटावरची काही सगळ्यात महागडी रिसॉर्टंही आहेत. तिन्ही एका नजरेत येतात.

पायांत अजून दम असेल तर पुढे काझ नोयालहून शामारेलचा घाट मारा. चार-पाच किलोमीटरमध्ये अडीचशे मीटरच्या आसपास चढ. सिंहगड चढवणाऱ्या पुणेकरांना हा डाव्या पायाचा खेळ. आम्ही मुंबईकर मध्ये दोनदा 'फोटो काढायला' थांबतो. वर सात रंगांची माती आहे. पण मागे वळून बघाल तर ल मॉर्न आणि सगळं खाजण एकदम खाली पसरलेलं दिसतं. त्या निळ्याला किनारा किती आणि त्यातला सगळ्यांसाठी मोकळा किती, हे तोपर्यंत पायांना पाठ झालेलं असतं.

बॅग भरण्याआधी...

• मे ते नोव्हेंबर बेस्ट. जानेवारी ते मार्च पाऊस आणि चक्रीवादळांचा काळ.

• जून ते डिसेंबर ऊसतोडणी. लादलेले ट्रक अरुंद रस्त्यांवर अंगाला घासून जातात. पहाटे निघा, भडक जॅकेट आणि मागचा लाल दिवा हवाच.

• हिवाळ्यात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याआधी मुक्कामी पोचा.

• भारतीय पासपोर्टला टुरिस्ट व्हिसा तिथे उतरल्यावर, फी न भरता मिळतो. रिटर्न तिकीट आणि हॉटेल बुकिंग जवळ ठेवा.

• सायकल भाड्याने मिळते. घेण्याआधी ब्रेक आणि गिअर तपासा, पंक्चर किट मागून घ्या.

• एक तरी रविवार मोकळा ठेवा, रिसॉर्टच्या बीचवर नाही, सुरूच्या झाडांखाली घालवायला. आणि जाताना रिकाम्या हातांनी जाऊ नका. बिर्याणी तेच देतील, मिठाई तुम्ही न्या.