गुरुजींची पत्रिका

घरातल्या लग्नाच्या याद्या मीच लिहितो. मास्तराचे अक्षर वाचता येते, एवढाच माझा अधिकार! आचारी, मांडववाला, फोटोग्राफर खर्चाच्या वहीत, आप्तेष्ट आमंत्रणाच्या. पण गुरुजी कोणत्या वहीत?

सप्तपदीने होणारा विवाह सातव्या पावलाला पूर्ण होतो, असे १९५५ चा हिंदू विवाह कायदा सांगतो. ती पावले ज्यांच्या मंत्रांवर पडतात, त्यांच्या हाती दक्षिणेचे पाकीट ठेवताना आपण पुटपुटतो, "संध्याकाळी जमलं तर या हं!" याला का आमंत्रण म्हणायचे?

पुतणीच्या लग्नाआधी मी अक्षत घेऊन गुरुजींच्या घरी गेलो. पत्रिकेवर 'सहकुटुंब' लिहिले होते. गुरुजींनी ती दोनदा वाचली. म्हणाले, "मास्तर, इतकी लग्नं लावली, पण ही कधी माझ्याबरोबर लग्नाला आली नाही."

स्वागतसमारंभाला दोघे आली. काकू ठेवणीतले लुगडे नेसलेल्या. गुरुजी धोतरावर कोट घालून, हातात आहेराचे पाकीट घेऊन रांगेत उभे! मी पुढे बोलावले, तर "राहू द्या, आज मी पाहुणा," म्हणाले. पुतणी पाया पडली, तेव्हा सकाळी खणखणीत मंगलाष्टके म्हणणाऱ्या त्या माणसाला एकही आशीर्वचन आठवेना.

"सुखी राहा, बाळ," एवढेच ते म्हणाले.