पंधरा तारखेच्या आत

आमच्या चाळीत त्यांना सगळे ‘पोस्टाच्या मावशी’ म्हणायचे. महिना लागला की त्यांची फेरी सुरू. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत रबर लावलेली कार्डांची चवड आणि चिल्लर ठेवायला जुना बटवा. डोंबिवलीत तेव्हा अशा कितीतरी बायका महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या एजंट होत्या. १९७२ साली सुरू झालेल्या या योजनेने घरोघरी जाऊन पोस्टाच्या आर.डी.चे हप्ते गोळा करायचं काम बायकांच्या हाती दिलं. कमिशन चार टक्के. म्हणजे शंभराच्या हप्त्यामागे चार रुपये, आणि तेवढ्यासाठी तीन-तीन जिने.

डिसेंबर १९९५ मध्ये मला फोर्टातल्या एका कचेरीत नोकरी लागली. बाबा नव्हते. घरात मी आणि आई. पहिला पगार झाला त्याच आठवड्यात मावशी दारात हजर.

“किती टाकतेस?”

“पाचशे.”

“कशासाठी?”

“साठवायला.”

“साठवायला कुणी साठवतं का? नाव सांग.”

मी गोंधळले. आत आई भाकऱ्या थापत होती. बाबा होते तेव्हापासून ती केदारनाथचं बोलायची, म्हणून मी ते सांगून टाकलं. मावशींनी कार्ड उलटं केलं आणि पाठीमागे पेन्सिलीने लिहिलं : ‘आई – केदारनाथ’.

पुढे कळलं, त्यांच्याकडच्या प्रत्येक कार्डामागे असं काहीतरी असायचं. ‘शिवणयंत्र’, ‘मुंज’, ‘गावचं छप्पर’. त्यांच्या स्वतःच्या एका कार्डामागे ‘सवाई’ लिहिलेलं होतं. महिना पन्नास रुपये. दर डिसेंबरात मावशी सगळ्यांचे हप्ते आधी उरकून पुण्याला जायच्या आणि रमणबागेत सवाई गंधर्व महोत्सव ऐकायच्या. तेव्हा मैफली रात्रभर चालत. परत आल्या की डोळे सुजलेले, आवाज बसलेला आणि चेहरा असा उजळलेला की पहिल्या वेळी आईने त्यांची दृष्टच काढली. नवऱ्याचं आजारपण, दोन मुलांची शिक्षणं, सगळं त्या चार-चार रुपयांतून त्यांनी निभावलं होतं. पण ‘सवाई’च्या कार्डाला त्यांनी कधी दुसऱ्या कामासाठी हात लावला नाही. त्या वयात मला ते थोडं चैनीचं वाटायचं. आज वाटतं, त्या कार्डाच्या जोरावरच त्या बाकीचे जिने चढत होत्या.

एप्रिल १९९६ मध्ये त्यांनीच मला पीपीएफचं खातं काढायला नेलं. त्यांची एजन्सी आर.डी.ची, यात त्यांना एक पैसा मिळणार नव्हता. पीपीएफला तेव्हा बारा टक्के व्याज होतं. रांगेत उभ्या-उभ्या त्यांनी मला हिशेब शिकवला : बहात्तराला व्याजदराने भाग, तेवढ्या वर्षांत पैसे साधारण दुप्पट. बारा टक्क्यांना सहा वर्षं, आठला नऊ. “आणि पैसे पाच तारखेच्या आत भर. सहा तारखेला भरलेस तर त्या महिन्याचं व्याज गेलं.” त्याच सुमारास कचेरीत सागवानाच्या झाडांत पैसे गुंतवायची लाट आली होती. माझाही हात शिवशिवत होता. मावशी म्हणाल्या, “एवढं व्याज तो सागवानवाला कुठून आणणार, ते त्याला विचार. उत्तर कळलं तर घाल.” उत्तर मला कळलं नाही, म्हणून मी वाचले. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंचे लेकीच्या लग्नाचे पैसे बुडाले.

हप्त्याच्या बाबतीत मावशी कडक. पंधरा तारीख चुकली की दंड, आणि दंडाआधी त्यांची बोलणी. एकदा मी तापाने झोपले होते, तर त्यांनी पदरचे पाचशे भरले आणि संध्याकाळी येऊन आईकडून मोजून घेतले.

आणि याच मावशींनी एप्रिल १९९९ मध्ये चाळिसाव्या हप्त्यावर सही केली आणि म्हणाल्या, “आता मोड.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. साठ हप्त्यांचं खातं, वीस उरलेले.

“तुझी आई जिन्यात कठडा धरून बसते हल्ली. पाहिलंस का तू?”

मी पाहिलं नव्हतं. मी सकाळी सातला बाहेर पडायचे, रात्री आठला यायचे.

“तीन वर्षं झालीत, खातं मोडता येतं. व्याज बचत खात्याच्या दराने मिळेल, नुकसान आहे. कर्जही मिळतं यावर, पण कर्ज काढून देवाला जाऊ नये. या खात्याला मुदत आहे तशी तिच्या गुडघ्यांनाही आहे. मोड.”

माझ्या हप्त्यामागे त्यांना महिन्याला वीस रुपये मिळत. वीस हप्त्यांचे चारशे. ते त्या माझ्या आईसाठी सोडत होत्या, हे मला खूप उशिरा उमगलं. त्या दिवशी मी व्याजासाठी हळहळले, याची आजही लाज वाटते.

मे महिन्यात आम्ही निघालो. हरिद्वारपर्यंत रेल्वे, पुढे बस, गौरीकुंडापासून चौदा किलोमीटरची चढण. आईने घोडा नाकारला. रामबाड्याला, अर्ध्या वाटेवर, पत्र्याच्या टपरीत चहा घेतला. आईने गरम ग्लास दोन्ही तळव्यांत धरला आणि पिण्याआधी आळीपाळीने दोन्ही गुडघ्यांना टेकवला. मग माझ्याकडे बघून लहान मुलीसारखी हसली. तसं हसताना मी तिला त्याआधी पाहिलं नव्हतं.

दोन वर्षांत तिला आमचा जिनाही जड झाला. २००६ मध्ये ती गेली. पीपीएफ २०१२ मध्ये पूर्ण झालं, त्या पैशांच्या आधाराने मी डोंबिवलीतच दोन खोल्यांचं घर घेतलं. वास्तुशांतीला मावशी आल्या होत्या, काठी टेकत. आईच्या फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

जून २०१३च्या प्रलयात रामबाडा वाहून गेला. तो जुना रस्ताही गेला.

आर.डी.चं पासबुक पोस्टाने परत घेतलं, कार्ड तेवढं माझ्याकडे राहिलं. साठ चौकोनांपैकी चाळिसांत मावशींची सही आहे आणि वीस कोरे आहेत. मागची पेन्सिल पुसट झाली आहे, पण अजून वाचता येते.