शरण, शरणार्थी आणि यंत्र

‘जरीपटका’ हा शब्द मराठी कोशांत मराठ्यांच्या भरजरी निशाणासाठी येतो. उत्तर नागपुरात राहणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र तो ऐकताच १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांची वस्ती आठवते. शेजारीच इंदोरा आहे आणि तेथील विहारांतून पाली त्रिसरण ऐकू येते. एकीकडे ‘शरणार्थी’, दुसरीकडे ‘सरण’. मूळ शब्द एकच. परंतु पहिला इतिहासाने माथी मारला, तर दुसरा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या लाखो अनुयायांनी समजून-उमजून स्वीकारला.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीची चर्चा मी या शेजारात बसून वाचतो. आजची भाषा-प्रतिमाने अफाट लेखनसंभारातून शब्दांचे सहसंबंध शिकतात आणि पुढचा शब्द संभाव्यतेने ठरवतात. वरील दोन शब्दांतील भेदावर ती नेटका निबंधही लिहितील. त्यांना अर्थ कळतो काय? नियमांनुसार चिनी चिन्हे जुळविणाऱ्याला चिनी भाषा कळते असे होत नाही, असा युक्तिवाद जॉन सर्ल यांनी १९८० मध्ये केला होता. परंतु त्रिसरण म्हणणाऱ्या अनेकांनाही पालीचे व्याकरण अवगत नसते. म्हणून त्यांचे उच्चारण अर्थशून्य ठरत नाही. भाषेचे ज्ञान हा निकष येथे अपुरा पडतो.

‘यंत्राला आत्मा नाही’ हे सोपे उत्तरही इंदोऱ्यात टिकत नाही, कारण बौद्ध विचार माणसातही नित्य आत्मा मानीत नाही. मेंदूच्या सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींतही कोणी स्वामी बसलेला सापडत नाही.

मला भेद जाणवतो तो उच्चारानंतरच्या जगण्यात. बावीस प्रतिज्ञा घेणाऱ्याला देव्हारा, विवाहविधी आणि गावातील नाती यांची नव्याने मांडणी करावी लागली. त्याची किंमतही त्याने मोजली. सिंध सोडून आलेल्याच्या तोंडी ‘घर’ हा शब्द येतो, तेव्हा त्यामागे गमावलेले एक घर असते. यंत्राला आपल्या वाक्यापायी काहीच गमवावे लागत नाही. उद्या तसे यंत्र घडले, तर हा भेद मला नव्याने तपासावा लागेल.

तोपर्यंत हा निकष आपल्यालाही लावून पाहावा. ज्या वाचनाने वाचणाऱ्याचे काहीच पणाला लागत नाही, त्याला अर्थनिर्णयन म्हणावे काय, हा प्रश्न समीक्षेने यंत्राआधी स्वतःला विचारावयास हवा.