यंत्रांचा शेजारधर्म

एकाच टेबलावर, वीतभर अंतराने दोन यंत्रे ठेवलेली असावीत आणि त्यांची परस्परांशी तोंडओळखही नसावी, याचे मला प्रथम मोठे नवल वाटले. मग मनात आले, की यात नवल कसले? मुंबईत एकाच जिन्यावर, समोरासमोरच्या दारांत वीस-वीस वर्षे राहणारी माणसे तरी दुसरे काय करतात?

पवईला आमच्या सोसायटीची एक चिमुकली कचेरी आहे. तळमजल्यावर, जिन्याला लागून. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा या खोलीतही पाणी शिरले आणि सभासदांच्या फायली भिजल्या. आमच्या मॅनेजरकाकांनी एकेक पान सुटे करून ती पंख्याखाली वाळवली. तेव्हापासून कुठला कागद कुठे आहे, हे ठाऊक असलेला एकच माणूस उरला. तो म्हणजे काका. यंदा दिवाळी आटोपली की काका निवृत्त होऊन गावी जाणार. तेव्हा कमिटीने ठरवले, की सारे कागद स्कॅन करून संगणकावरच्या एका सामायिक फोल्डरात ठेवायचे. प्रिंटरच्या काचेवर कागद ठेवावा, बटण दाबावे, की त्याची छबी आपली आपण फोल्डरात जाऊन बसावी! काम माझ्या गळ्यात पडले. पेन्शनराला वेळच वेळ असतो, अशी लोकांची एक समजूत आहे.

मदतीला आमच्या मजल्यावरचा एक मुलगा आला. तो आयआयटीत शिकतो. ज्या संस्थेची पवईतली कोनशिला १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंनी बसवली, तिथल्या विद्यार्थ्याला जिन्याशेजारच्या प्रिंटरसाठी बोलवायचे म्हणजे मला जरा संकोचच वाटला. पण पोरगा गुणी. म्हणाला, “आजोबा, आधी प्रिंटरला एक नाव आणि पासवर्ड देऊ या. तुमचा नको, त्याचा स्वतःचा. आणि परवानगी एवढ्या एकाच फोल्डरची.”

मला ते पटले. दूधवाल्याला आपण दाराला टांगलेली पिशवी दाखवतो, कपाटाची किल्ली देत नाही.

पुढे कळले, की परवानग्या दोन लागतात. एक फोल्डर सर्वांसाठी सामायिक करताना द्यायची आणि दुसरी त्याच फोल्डरच्या सुरक्षेच्या पानावर. पहिली म्हणजे फाटकावरचा वॉचमन, दुसरी म्हणजे घराची कडी. वॉचमनने सोडले तरी कडी लागलेली असली, तर पाहुण्याने जिन्यातच उभे राहायचे! मग संगणकाचा पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवला. नाहीतर राउटर तो अधूनमधून बदलतो आणि प्रिंटर बिचारा जुन्या बिऱ्हाडाचे दार ठोठावत बसतो.

एवढे करूनही गाडे अडलेच. दुखणे भाषेचे निघाले. ही यंत्रे एसएमबी नावाच्या भाषेत बोलतात आणि आमच्या म्हाताऱ्या प्रिंटरला तिची पहिली, जुनी बोलीच तेवढी येत होती. विंडोजमध्ये त्या बोलीच्या वाटेवर एक भगदाड राहिले होते. मे २०१७ मध्ये त्यातून ‘वॉनाक्राय’ नावाची कीड जगभर पसरली. पुढच्याच महिन्यात आलेल्या दुसऱ्या हल्ल्याने आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले. त्या वर्षाच्या अखेरीपासून विंडोज नव्याने बसवताना ही बोली वगळली जाऊ लागली. ती पुन्हा चालू करता येते, पण मुलाने साफ नकार दिला. “एका प्रिंटरसाठी सगळ्या घरांची दारे उघडी टाकायची का, आजोबा?” त्याने प्रिंटरवर नवे फर्मवेअर चढवले आणि म्हातारा नवी बोली शिकला.

काका इतका वेळ खुर्चीत बसून मुकाट्याने पाहत होते. हळूच म्हणाले, “म्हणजे आता मी मोकळा.” त्या बोलण्यात आनंद नव्हता.

इतक्यात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. यजमान गेल्यापासून त्यांच्या खेपा चालू होत्या. शेअर सर्टिफिकेट आपल्या नावे करून घ्यायचे, तर यजमानांनी भरून दिलेला नॉमिनेशनचा फॉर्म हवा, आणि घरची प्रत काही केल्या सापडेना. काका उठले. “भिजलेल्यातला आहे तो. तेव्हा तुमच्या विंगला बी म्हणत, वहिनी. सी नंतर झाली.” असे म्हणत त्यांनी खालच्या कप्प्यातल्या गठ्ठ्यातून नेमका तो कागद ओढला आणि काचेवर ठेवून बटण दाबले. फोल्डरात छबी उमटली. शाई पसरलेली, पण सही स्वच्छ वाचता येत होती. वहिनी त्या सहीकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

यंत्राने मात्र त्या कागदाला नुसती तारीख आणि एक आकडा दिला होता. मुलाने विचारले, “काका, याचे नाव काय ठेवू?”

काका सांगू लागले : जुनी विंग, नवी विंग, फ्लॅटचा नंबर, साल, आणि शेवटी ‘भिजलेला’. मुलाने तसेच टंकले.

आता रोज संध्याकाळी दोन तास हा नामकरणविधी चालतो. काका सांगतात, आम्ही लिहितो. अजून एक अख्खे कपाट शिल्लक आहे. काकांनी गावचे तिकीट तुळशीच्या लग्नानंतरचे काढले आहे.