‘ध’चा ‘मा’ कोणीं पाहिला?

कोणाची लबाडी उघडकीस आली, कीं ‘त्यानें ध-चा-मा केला’ असें आपण सहज बोलून जातों, आणि बोलतां बोलतां एका बाईला पुन्हां एकदां दोषी ठरवून मोकळे होतों. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत झाला. रघुनाथरावांनीं ‘धरावें’ असें लिहिलें, आनंदीबाईंनीं त्याचें ‘मारावें’ केलें, ही हकीकत मराठी मुलाला शाळेंतच पाठ होते. तें अक्षर बदलतांना कोणीं पाहिलें, हें मात्र कोणी विचारीत नाहीं.

ही हकीकत इंग्रजी वाचकांपुढें मांडली ती ग्रँट डफनें. हा गृहस्थ १८१८ ते १८२२ साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधि होता. त्याचा इतिहास १८२६ सालीं छापला गेला. म्हणजे खुनाला तेव्हां त्रेपन्न वर्षें लोटलीं होतीं. तरी त्याचें वर्णन वाचतांना आपण त्या दालनांतच उभे आहों असें वाटतें. पुतण्या चुलत्याला बिलगतो. चुलता त्याला सोडण्याविषयीं विनवितो. सुमेरसिंग गारदी उलट चुलत्यालाच धमकावतो. तुळाजी पवार पाय धरतो. आणि चाफाजी टिळेकर हातांत शस्त्र नसतां धन्याला कवटाळतो. हें सारें सांगितलें कोणीं? नारायणराव आणि चाफाजी तेथेंच पडले. सुमेरसिंग १७७५ सालीं पाटण्यास मेला. तुळाजी हैदरअलीच्या आश्रयास गेला. त्यानें परत दिल्यावर त्याला हालहाल करून मारण्यांत आलें, आणि हाल होत असतां माणूस काय वदेल याला धरबंध नसतो. राहतां राहिले रघुनाथराव. त्या विनवणीचा लाभ कोणाला, हें निराळें सांगावयास नको.

गेल्या वर्षीं सांगलीस आमच्या महाविद्यालयाच्या फाटकापाशीं दोन दुचाक्या आदळल्या. तासाभरांत पांच विद्यार्थ्यांनीं आम्हांस पांच हकीकती सांगितल्या, आणि पांचही शपथेवर! त्यांत खोटें बोलणारा एकही नव्हता. लॉफ्टस आणि पामर यांनीं अमेरिकेंत १९७४ सालीं प्रयोगानें दाखविलें, कीं गाड्या ‘लागल्या’ असें विचारण्याऐवजीं ‘आपटल्या’ असें विचारलें, तर साक्षीदार वेग वाढवून सांगतो, आणि न फुटलेली कांच फुटलेली पाहिल्याचेंही कांहींजण सांगतात. एका शब्दाचा हा प्रताप!

आतां तो कागद. रामशास्त्री प्रभुणे हे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. ‘आपण धरण्याचाच हुकूम दिला होता’ असें रघुनाथरावांनीं त्यांच्यापाशीं कबूल केलें, आणि पुढें हातीं आलेल्या मूळ कागदांत शब्द फिरविलेला आढळला, असें डफ लिहितो. म्हणजे ‘ध’चा ‘मा’ ही मुळांत आरोपीची कैफियत आहे. कागद फार तर अक्षर बदलल्याची साक्ष देईल. हात कोणाचा, हें तो बोलणार नाहीं. आनंदीबाईंविषयीं डफनेंही सर्वसाधारण लोकमत तेवढें नोंदविलें आहे. पुढच्यांनीं त्यांतलें ‘लोकमत’ गाळलें आणि बाई ठेविली.

मिरजेचे शिक्षक वासुदेवशास्त्री खरे यांनीं १८९७ पासून पटवर्धनी दप्तरांतलीं पत्रें छापावयास घेतलीं, त्याचें मोल अशा वेळीं कळतें. पत्र लिहिणाराही पुष्कळदां ऐकीवच लिहितो. पण तें आठ-पंधरा दिवसांचें ऐकीव असतें, पन्नास वर्षांचें नव्हे.

रामशास्त्र्यांनीं चौकशीअंतीं देहांत प्रायश्चित्त सांगितलें तें रघुनाथरावांना, आणि पुण्याचा कारभार सोडून ते वाईजवळच्या एका खेड्यांत जाऊन राहिले.