लेथ केवढा हवा? एका दस्त्याची गोष्ट

१/ बंदुकांच्या जुळणी-दुरुस्तीचा छंद असलेला माणूस लेथ घेताना आधी मापाचा विचार करतो. यंत्रावर किती व्यासाची वस्तू फिरेल? दोन सेंटरांमध्ये किती लांबीची बसेल? स्पिंडलच्या भोकातून नळी आरपार जाईल का? प्रश्न आजचे वाटतात. त्यांची मुळे अडीचशे वर्षांमागे आहेत.

२/ १७७० मध्ये डच ओतारी यान फरब्रुखेन इंग्लंडमधील वुलविच येथे आला. तेथे तोफ भरीव ओतली जाई, आडवी बसवून घोड्यांच्या बळावर फिरवली जाई आणि स्थिर पाते तिच्या पोटात पुढे सरके. यंत्राचे माप तोफेने ठरवले होते.

३/ मस्केटची नळी निराळी. अमेरिकेच्या १८१६ च्या नमुन्याची नळी ४२ इंच लांब, पण बारीक. म्हणजे लेथ लांब हवा, रुंद नव्हे. अडचण मागच्या टोकाशी येई: तेथे नळी गोल नसून सपाट बाजूंची असे. लेथ कितीही मोठा आणला, तरी तो गोलच कातणार.

४/ मॅसॅच्युसेट्समधील मिलबरी गावच्या एसा वॉटर्स या बंदूक-कारखानदाराने ही अडचण थॉमस ब्लँचर्डपुढे (१७८८–१८६४) मांडली. ब्लँचर्डने लेथ मोठा केला नाही. त्याने कॅम जोडून हत्याराची चालच बदलली.

५/ ते यंत्र पाहून स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारातील एक कारागीर म्हणाला, अशी कथा सांगतात, की आपले काम तरी कुणी हिरावू शकणार नाही. तो लाकडी दस्ते घडवत असे. १८१९ मध्ये ब्लँचर्डने दस्ता कातणाऱ्या लेथचे पेटंट घेतले. लोखंडी नमुना आणि लाकडाचा ठोकळा एकाच गतीने फिरत; नमुन्यावरून चाक सरके आणि त्याच्या चढउताराप्रमाणे कापणारे चाक लाकूड तासत जाई.

६/ त्यानंतर दस्त्याच्या निरनिराळ्या कामांसाठी यंत्रांची मालिकाच उभी राहिली. १८५४ मध्ये ब्रिटिश समितीने अमेरिकेत जाऊन अशी यंत्रे विकत घेतली आणि ती एनफील्डला बसवली. बंदुका एकसारख्या झाल्या, सुटे भाग परस्परांत बसू लागले. ज्यांची आयुष्ये रंधा आणि पटाशीत गेली होती, त्यांच्या कौशल्याचे मोल मात्र घसरले. त्यांपैकी बहुतेकांची नावेही इतिहासात नाहीत.

७/ म्हणून लेथ निवडताना आधी यंत्राकडे नव्हे, वस्तूकडे पाहावे. सर्वांत लांब आणि सर्वांत जाड भाग मोजला की माप आपोआप निघते. जेथे अडचण आकाराची आहे, तेथे मोठे यंत्र उपयोगी पडत नाही. तेथे युक्ती लागते, नाहीतर हातातली कानस. एकेकाळी ज्या हातकामाची गरज संपली, तेच आज छंद म्हणून हौसेने, पदरचे पैसे घालून शिकले जाते.