काळ्या दगडाचं वजन

बस्तरहून आलेला तो खडा मी आधी तोरमल्लीच्या खोक्यात टाकला होता. काळा, तुकतुकीत, पेग्मटाइट खडकातला. डोळ्यांना शंका यायचं काही कारणच नव्हतं. चिठ्ठी चिकटवायला पुन्हा उचलला आणि मनगट खाली गेलं. लिंबापेक्षाही लहान तुकडा, पण तोरमल्लीच्या दुपटीनं जड.

दोऱ्याला बांधून तोलला. हवेत १३९ ग्रॅम, पाण्यात बुडवून ११९. घट २० ग्रॅमची, म्हणजे विशिष्ट गुरुत्व ६.९५. तोरमल्लीचं ३ च्या जरा वर असतं. हा कॅसिटराइट होता, कथलाचा ऑक्साइड. याच जडपणावर दंतेवाडा-सुकमाकडचे आदिवासी ओढ्याची रेती धुतात. वाळू पाण्याबरोबर निघून जाते, काळे कण तळाशी राहतात. माझ्या मनगटाला उशिरा कळलं ते त्यांच्या हातांना रोजचंच.

कस पाहताना मात्र सावध राहावं लागतं. याचं काठिण्य ६ ते ७, पोर्सेलिनच्या कसपट्टीचंही जवळपास तेवढंच. त्यामुळे उमटलेली पांढरी रेघ खनिजाची की झिजलेल्या पट्टीची, हे सांगता येत नाही. मी विद्यार्थ्यांना एक कपची खलात कुटायला लावतो. एवढ्या काळ्या दगडाची पूड कागदावर फिकट, जेमतेम तपकिरी दिसते, तेव्हा मुलं खलात पुन्हा डोकावतात. वुलफ्रमाइटही असाच काळा आणि जड, पण त्याची पूड गडद राहते.

शेवटची परीक्षा मला सगळ्यांत प्रिय आहे. जस्ताच्या पत्र्यावर कपची ठेवायची, वर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल. बुडबुडे उठतात, जस्ताच्या क्रियेनं आम्लातून सुटणारा हायड्रोजन खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि काळ्या पृष्ठावर कथलाचा करडा थर धरतो. तो धुऊन फडक्यानं घासायचा, की कल्हईसारखा चमकतो.

लहानपणी आमच्या दारात कल्हईवाला बसायचा. तापलेल्या पितळी पातेल्यात नवसागराचा पांढरा धूर उठायचा, कथलाची कांडी टेकताच वितळायची आणि कापसाचा बोळा फिरेल तिथे रुपेरी चकाकी पसरायची. आई पातेलं उन्हात धरून आत बघायची, कुठे पितळ उघडं राहिलंय का म्हणून.

ती कपचीही मी खिडकीशी नेली. एका कडेला थर बसला नव्हता. पुन्हा जस्तावर ठेवली.